विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला पगार द्यावा का?

रानवाट:
परवा आमच्या ग्रुपवर यावरून जोरदार वाजलं म्हणून इथे विचारतेय. माझं मत आधीच सांगून टाकते, विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष पूर्णवेळ आणि पगारीच असला पाहिजे. मी परिषदेत खजिनदार होते त्यामुळे हे काम अगदी जवळून बघितलंय. लोकांना दिसतं ते फक्त स्टेजवरचं भाषण नि कुलगुरूंसोबतचा फोटो. सकाळी मीटिंग असली की आदल्या दिवशी संध्याकाळी अजेंड्याची जाडजूड पीडीएफ यायची, फीवाढीचा ठराव त्यात कुठेतरी मागे परिशिष्टात, आणि टेबलाच्या पलीकडे बसलेले सगळे हेच काम पगार घेऊन करणारे. आमचा अध्यक्ष मात्र दुसऱ्या दिवशीचं जर्नल बाजूला सारून ती पीडीएफ वाचत बसायचा. त्यात रात्री-अपरात्री फोन, कुणाचा निकाल राखून ठेवलाय, कुणाला हॉस्टेल सोडायला सांगितलंय. हे सगळं फुकटात करायचं म्हटलं की घरून पैसे येणाराच उभा राहणार, नाहीतर ज्याच्या पाठीशी पक्ष आहे तो. नोकरी करून शिकणारी पोरगी कितीही लायक असू दे, ती फॉर्मच भरणार नाही. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी अध्यक्ष शिक्षणातून एक वर्ष बाजूला काढून किंवा डिग्री झाल्या झाल्या पगारावर हे काम करतो. आणि कुणी खुर्चीला चिकटून बसू नये म्हणून तिथल्या १९९४ च्या शिक्षण कायद्यातच अशा पदांवर एकूण दोन वर्षांची मर्यादा घातलीय.

साधासुधा:
अजिबात पटलं नाही. पगार येणार कुठून, विद्यार्थ्यांच्या फीमधूनच ना? आणि देणार कोण, विद्यापीठ. ज्यांच्याकडून दर महिन्याला पैसे घ्यायचे त्यांच्याच दारात उपोषणाला बसणार का कुणी? आमचा अध्यक्ष आमच्याच लॅबमध्ये असायचा. मायक्रोस्कोप बंद पडले तेव्हा त्याचंही प्रॅक्टिकल बुडत होतं, म्हणून तो विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर रोज जाऊन उभा राहिला, नवीन येईपर्यंत हटला नाही. तोच माणूस वर्षभर वेगळ्या ऑफिसात बसला असता तर "प्रस्ताव पाठवलाय, पाठपुरावा सुरू आहे" असं बोलायला लागला असता. विद्यार्थ्यांचा नेता आधी विद्यार्थी पाहिजे.

रानवाट:
मायक्रोस्कोप एका विभागाचे होते हो, अध्यक्ष सगळ्या विद्यापीठाचा असतो. लॉच्या मुलांचं रखडलेलं रिव्हॅल्युएशन त्याला लॅबमध्ये बसून कसं कळणार? आणि पैसा विद्यापीठाच्या मर्जीवर ठेवायचा नाहीच, फीमधला परिषदेचा वाटा नियमात लिहून वेगळा काढायचा आणि पगार त्यातून.

कोरापान:
तुम्ही दोघंही पगारावरच अडलात. मला विचाराल तर पहिला प्रश्न, विद्यापीठाच्या निर्णयात अध्यक्षाला मतदानाचा हक्क आहे का? फ्लोरिडात सरकारी विद्यापीठांच्या विश्वस्त मंडळावर १३ जण असतात आणि विद्यार्थ्यांचा अध्यक्ष त्यातला एक, मतासकट. शिवाय विद्यार्थ्यांकडून जी अ‍ॅक्टिव्हिटी फी घेतात तिचं वाटप विद्यार्थी सरकार करतं, विद्यापीठाच्या प्रमुखाला हरकत घेता येते पण वाटपाची सुरुवात मुलांच्या हातात. १३ मध्ये एक मत म्हणजे हरणारच हे मान्य, पण विरोध मिनिट्समध्ये नोंदवला जातो, कागदपत्रं हक्कानं मागता येतात. नुसतं "निमंत्रित" म्हणून बोलावलं की कागद देतानासुद्धा उपकार केल्यासारखं वागतात. मत नसलेल्या माणसाला पगार देऊन काय मिळणार, निवेदनं जरा नीट टाइप होतील एवढंच.

अवनी२:
कोरापान यांना +१ पण अर्धाच. पैसे वाटायचा अधिकार मुलांच्या हातात दिला की काय होतं ते मी बजेटच्या मीटिंगला बसून बघितलंय. अध्यक्षाच्या पॅनेलचा प्रचार केलेल्या क्लबची मागणी वाचून होण्याआधीच मंजूर, आणि नाटकवाल्यांना लाइटच्या भाड्याचं कोटेशन तीनदा आणायला लावलं, शेवटी "पुढच्या सेमिस्टरला बघू". अमेरिकेत यावर थेट सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली होती, विस्कॉन्सिन विद्यापीठाची, २००० साली. कोर्टानं सांगितलं की सक्तीची फी घेऊन विद्यार्थी संघटनांना पैसे देता येतील, पण वाटताना कुणाचे विचार काय आहेत ते बघायचं नाही. असला नियम आणि दर महिन्याचा हिशोब नोटीस बोर्डावर, हे आधी. पगाराचं नंतर बोलू.

तिरकीरेघ:
आपल्याकडचं कुणी बोलतच नाहीये. विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात यावरच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये लागू केल्या, त्यात उमेदवार नियमित पूर्णवेळ विद्यार्थी हवा, हजेरी किमान ७५ टक्के हवी आणि पदाधिकारी म्हणून आयुष्यात एकदाच उभं राहता येतं. म्हणजे ब्रिटनसारखं वर्षभर अभ्यास सोडून अध्यक्ष होणं या चौकटीत बसतच नाही. आणि ते बरंच आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण एका कोर्सनंतर दुसरा कोर्स करत कॅम्पसवर मुक्काम ठोकणारे पुढारी आम्ही पाहिलेत, पगार सुरू केला तर त्यांना आयतं कारणच मिळेल.

रानवाट:
मुक्काम ठोकणाऱ्यांना पगाराची गरज कधीच नव्हती, त्यांना वरून मिळतच होतं. पगार नसल्यानं अडतं ते बाकीच्यांचं. आणि एकदाच संधी म्हणता, तर एका वर्षात निम्मा वेळ कुठली फाइल कुणाच्या टेबलावर असते हे समजण्यात जातो, कसंबसं कळतं तेवढ्यात टर्म संपते आणि पुढचा परत पहिल्यापासून सुरू करतो. ऑफिसवाल्यांना हे चांगलं माहीत असतं, म्हणून तर ते "पुढच्या महिन्यात या" म्हणत राहतात.

कोरापान:
यावर उपाय दुसऱ्या टर्मचा नाहीये, हँडओव्हरचा आहे. जुन्या अध्यक्षानं महिनाभर नव्यासोबत प्रत्येक मीटिंगला बसायचं आणि अर्धवट राहिलेल्या प्रकरणांची लेखी यादी द्यायची, हे नियमात टाका.

साधासुधा:
हँडओव्हर मान्य. रानवाट यांच्यासाठी एवढं मान्य करतो की मीटिंगच्या दिवशीची हजेरी धरावी, बुडालेलं प्रॅक्टिकल नंतर करून द्यावं आणि प्रवासाचा, फोनचा खर्च बिल दाखवून मिळावा. पगार मात्र नको.

रानवाट:
बिल मागाहून मिळणार, पैसे आधी खिशातून जाणार. नोकरी करून शिकणारीनं शिफ्ट सोडून मीटिंगला यायचं तर त्या दिवसाच्या बुडालेल्या पैशांचं कुठलं बिल लावायचं?