खुर्दा किती गेला? मराठी कवितेने युद्धाची किंमत मोजली का?

रानवाट

पानिपतची ती सांकेतिक चिठ्ठी आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर असताना सावकाराच्या जासुदाकडे सापडलेली. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे मोठे सरदार. आणि खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे.

माझं म्हणणं असं आहे की मराठी कवितेने त्या चिठ्ठीच्या आधीही आणि नंतरही तोच हिशेब चालवला. मोती मोजले, मोहरा मोजल्या, खुर्दा मोजलाच नाही.

सुरुवात पोवाड्यापासून करू. अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा आपल्याकडे मिळालेल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांतला. त्यातच शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचा उल्लेख येतो. मला यात शाहिराला कमी लेखायचं नाही, त्याचं पोट त्यावर होतं. पण ज्याच्या हातून तोडा घ्यायचा त्याच्या डोळ्यांनीच लढाई दिसणार. मावळ्याच्या घरी चूल पेटली का, हे त्या डोळ्यांना दिसत नाही.

मग कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’. ही कविता म्हणताना आजही माझ्या अंगावर काटा येतो, हे आधीच सांगतो. २४ फेब्रुवारी १६७४, नेसरीची खिंड, समोर बहलोलखानाची फौज आणि इकडे प्रतापराव गुजर सहा जणांना घेऊन निघालेले. पण कवितेत सहा सरदार आहेत, सहा नावं नाहीत. घरातल्या बायका कवितेत कशासाठी येतात? पुरुष पळाले हे ऐकून त्यांनाही लाज वाटेल, एवढ्यासाठी.

१९६२ च्या चीन युद्धात तर बहुतेक सगळ्यांनी रणशिंगच हाती घेतलं. वसंत बापटांचं ‘उत्तुंग आमुची उत्तर सीमा’, कुसुमाग्रजांचं ‘बर्फाचे तट पेटुनि उठले’. त्या हिवाळ्यात अपुऱ्या कपड्यांनिशी डोंगरात उभं केलेल्या पोराची कविता कुठे आहे?

हे मनात का आलं तेही सांगतो. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. दोन आकडे. एकही नाव नाही. त्या दुसऱ्या आकड्यात माझे पणजोबा आहेत. आजच्या इराकमधल्या बसऱ्याला उतरले, तिथून पुढचं कुणाला माहीत नाही. मी त्या पाटीसमोर म्हणता येईल अशी एक मराठी कविता शोधतो आहे. गेली काही वर्षं शोधतो आहे.

शाहिरीप्रेमी

रानवाट, तुमची पाटीची गोष्ट वाचून थांबलो जरा. पण पोवाड्याबद्दल जे लिहिलंत ते मला अजिबात मान्य नाही.

तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा घ्या. लढाई १६७० सालची. तानाजी कोंढाण्यावर गेला आणि पडला एवढीच गोष्ट सांगायची असती तर शाहिराला रायबाच्या लग्नाची काय गरज होती? घरात लग्न काढलेलं आहे, सगळी तयारी आहे, आणि नवरदेवाचा बाप लग्नाचं आमंत्रण द्यायला जातो तो लढाई घेऊन परत येतो. सोबत ऐंशी वर्षांचे शेलारमामा. हा सगळा संसार शाहिराने लढाईच्या आधी उभा केला, तो कशासाठी? पुढे काय मोडलं ते ऐकणाऱ्याला कळावं म्हणून. ‘आधी लगीन कोंढाण्याचं’ हे आपण आज घोषणेसारखं म्हणतो. डफावर ऐकताना तिथे बायका पदर डोळ्याला लावत. मी लहानपणी जत्रेत पाहिलं आहे. किंमत मोजायची म्हणजे आकडा सांगायचा असं नाही, मांडव घालून दाखवायचा आणि तो रिकामा ठेवायचा.

आणि पानिपतचा खुर्दा लोकांनी मोजला नाही असं कसं म्हणता? तुम्ही सावकाराचा कागद धरून बसलात. लोकांच्या तोंडी काय राहिलं? लाख बांगडी फुटली! लोकांनी तलवारी मोजल्या नाहीत, हत्ती मोजले नाहीत, मोहरा तर नाहीतच. मनगटं मोजली. त्यात सरदाराची बायको आणि फौजेमागे चालणाऱ्या बुणग्याची बायको एकाच मोजणीत आली. यापेक्षा खरा हिशेब मला कुठल्या भाषेत दाखवा.

जुनी वही

एक पुरवणी. पेशवाईतल्या लावण्या आपण फक्त शृंगाराच्या म्हणून बाजूला टाकतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत, त्या पावसाळ्याच्या तोंडाशी परतायच्या. कधी दोन-दोन वर्षं परतत नसत. मागे राहिलेल्या बाईची तगमग हा लावणीचा ठरलेला विषय आहे: सखा स्वारीवर गेला, निरोप नाही, दिवस कसे काढू. स्वारी, मोहीम, मुलुखगिरी हे शब्द तिथे सवतीसारखे येतात. युद्धाची किंमत जिने रोज दिली तिच्या खोलीतून ही कविता बोलते. आपण ऐकतो मात्र पैंजण.

रानवाट

शाहिरीप्रेमी, लाख बांगडीचं मी मान्य करतो. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण ती म्हण आहे, कविता नाही. त्या लाखातल्या एकीची कविता कुणी लिहिली? गोविंदाग्रजांनी ‘पानपतचा फटका’ लिहिला, तोसुद्धा कौरव-पांडवांच्या संगरापासून सुरू होतो. म्हणजे पानिपत द्वापरयुगाच्या तोलाचं ठरलं की आपलं समाधान झालं.

जुनी वही, लावणीचा मुद्दा मोठा आहे, पण मला त्यात एक अडचण दिसते. ती बाई वाट पाहते. वाट पाहणं संपल्यावर काय? नवरा परत येणारच नाही हे कळल्यावर लावणी तिच्याकडे वळून पाहत नाही. विरहिणीला कवितेत जागा आहे, विधवेला नाही. आणि तो बाईचा आवाज बहुतेक पुरुषाने लिहिलेला, पुरुषांच्या बैठकीसाठी.

माजी सुभेदार

मी कवितेतला जाणकार नाही. २८ वर्षं पलटणीत काढली, म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे कविता मेलेल्यासाठी असते असं धरून चालला आहात. आमच्यासाठी ती पुढच्या पावलासाठी असते. चढावर ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, टेमलाई माता की जय’ ही आरोळी उठते तेव्हा ती साहित्य म्हणून उठत नाही. पाय उचलला जावा म्हणून उठते. बापटांचं ‘इंच इंच लढवू’ आम्ही रंगरूट असताना म्हटलं आहे. त्या क्षणी कुणी मला माझ्या घरच्या रिकाम्या मांडवाची कविता ऐकवली असती तर मी ती ऐकू शकलो नसतो. ती वेळ वेगळी.

आपशिंग्याचं नाव ऐकलं असेल तुम्ही, सातारा जिल्ह्यातलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तरी त्या गावाने पोरं पाठवणं थांबवलं नाही. त्या आयांना किंमत ठाऊक नव्हती असं कुणी म्हणेल का? किंमत ठाऊक असूनही ताठ उभं राहायला काही तरी लागतं. वीररसाला नावं ठेवण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

कोरा कागद

सुभेदारसाहेब, तुमच्या शब्दापुढे वाद घालायला संकोच वाटतो, तरी घालते. ज्याला चढायचं आहे त्याला आरोळी हवी, कबूल. पण १९६२ ची ती गाणी चढणाऱ्यांपेक्षा रेडिओसमोर बसलेल्यांनी जास्त ऐकली. त्यांना पाऊल उचलायचं नव्हतं. त्यांना प्रश्न विचारायचे होते, आणि गाण्याच्या भरात ते राहून गेले.

माझ्या मते युद्धाची किंमत मराठीत खऱ्या अर्थाने एकाच माणसाने लिहिली, आणि त्याच्या कवितेत रणांगण नाहीच. मर्ढेकर. ‘पिपात मेले ओल्या उंदीर’. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, माणसं ढिगाने मारून झालेली. ‘काही कविता’ १९४७ साली आली आणि समाजाने काय केलं? अश्लीलतेचा खटला भरला. सुटले पुढे, पण बघा ना, पिपात मेलेल्या उंदरांत आपल्याला माणसं दिसायला किती वेळ लागला. मान पडलेली, कुणी न मोजलेली. रानवाट, तुमचा खुर्दा तिथे आहे.

शाहिरीप्रेमी

मर्ढेकर थोर आहेत, पण ‘एकाच माणसाने’ हे मी चालू देणार नाही. त्याच काळात, १९४३ साली, अण्णाभाऊ साठे ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ गात होते. वाटेगावातून चालत मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला माणूस. त्याला व्होल्गाकाठच्या लढाईशी काय देणंघेणं? पण त्याने ओळखलं की तिथे कामकरी माणूस आपलं घर एकेका भिंतीसाठी लढतो आहे. इथे घोडाही नव्हता आणि तोडाही नव्हता, रानवाट. पोवाडा म्हणजे बक्षिसाची कविता हे तुमचं गणित अण्णाभाऊंच्या दारात थांबतं. काही युद्धं लढावीच लागतात, आणि तिथे नुसतं रडणारा कवी अर्धंच सत्य सांगतो.

आणि कुसुमाग्रजांना तुम्ही एकाच कवितेवर पकडलंत. ‘अनामवीरा’ विसरलात? स्तंभ नाही, वात नाही, इतिहासात नाव नाही, अशा शिपायाला उद्देशून लिहिलेली अख्खी कविता आहे. तुमच्या गावच्या पाटीसमोर म्हणायला आणखी काय हवं?

रानवाट

‘अनामवीरा’ विसरलो नाही. तीच कविता मी गेल्या वर्षी पाटीसमोर उभं राहून म्हणून पाहिली.

पहिली कडवी म्हणताना गळा भरून आला. संसारातून उठून जळायला गेलेला माणूस, त्याच्यासाठी पेटवलेली एक वातही नाही. हे पणजोबांचंच वर्णन. पण शेवट? शेवटी बलिदान सफल होतं, विजयाचा पहाटतारा उगवतो आणि कवी प्रणाम करतो. तिथे मी अडलो. कुणाचा विजय? १९१६ च्या एप्रिलमध्ये बसऱ्याच्या वर, तैग्रिस नदीकाठच्या कुतला ब्रिटिश फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने शस्त्रं ठेवली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, त्यांत मराठा पलटणी होत्या. कितीतरी जण कैदेत उपासमारीने, आजाराने गेले. ते साम्राज्य आपलं नव्हतं, ती नदी आपली नव्हती. त्यांचं मरण सफल झालं असं मी कसं म्हणू? स्वातंत्र्यासाठी मेलेल्या अनामिकाला ती कविता पुरते. माझ्या पणजोबांना पुरत नाही. ते पगारासाठी गेले होते. दुष्काळी मुलखातल्या पोराला वर्दी म्हणजे दोन वेळचं जेवण होतं.

अण्णाभाऊंबद्दल तुमचं बरोबर आहे. बक्षिसाचं वाक्य मी सरसकट लिहायला नको होतं, मागे घेतो.

सुभेदारसाहेब, तुम्हाला एकच सांगतो. आरोळीवर माझा राग नाही. आरोळीनंतर जी शांतता पडते तिच्यासाठी भाषेत काही आहे का, एवढंच मी विचारतो आहे.

जुनी वही

त्या शांततेसाठी एक शब्द तुम्ही ज्या कवितेवर टीका केलीत तिथेच आहे. ‘वेडात मराठे’चं शेवटचं कडवं पुन्हा वाचा. घोडे गेले, तलवारी गेल्या. दगडांवर टाचांच्या खुणा आहेत, ओढ्यात रक्ताचा रंग आहे आणि वाऱ्यावर कुणीतरी गातं आहे. काय गातं आहे? पोवाडा नाही. विराणी, विरहाचं गाणं. आख्खी कविता वीररसात दौडली आणि कवीने शेवटचा शब्द विरहिणीच्या हाती दिला. कुसुमाग्रजांसारख्या कवीकडून हे चुकून होत नाही. आणि पहिलाच शब्द ‘वेडात’ आहे, ‘शौर्याने’ नाही.

मोरोपंतांच्या आर्याभारतात, म्हणजे त्यांच्या मराठी महाभारतातही स्त्रीपर्व आहेच. अठरा दिवसांनंतर बायका रणावर उतरून आपापली प्रेतं ओळखतात. कीर्तनात आपण त्याच्या आधीच उठतो.

माजी सुभेदार

रानवाट, शांततेचं तुम्ही म्हणालात ते मला ठाऊक आहे. माझ्या हाताने मी दोन घरी पेटी पोहोचवली आहे. तिथे आरोळी चालत नाही, खरं आहे. पहिल्या घरी आईने मला आधी पाणी दिलं. मग विचारलं, जेवला होता का तो. मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या पणजोबांचं नाव पाटीवर नाही म्हणालात. घरात कुणाच्या तोंडी राहिलं असेल ना? पणजी घेत असेल.

रानवाट

साहेब, त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर उखाण्यातच. बसऱ्याची बातमी आली तेव्हा पणजी एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर तिला उखाणा घे असं कुणी म्हणालं नाही.