कुंभकोणमच्या सराफ बाजारात अण्णांचा विद्यार्थी: योगायोग, ऋणानुबंध की साधा हिशोब?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

मंडळी, घरात आठवडाभर एकाच विषयावर खडाजंगी चालू आहे, म्हणून तो इथे टाकतो.

दक्षिणेतली देवळं बघायला सांगलीहून गेलो होतो. कुंभकोणमला सौ.च्या मंगळसूत्राची कडी तुटली. बाजारातल्या एका सोनाराकडे शिरलो. त्याला हिंदी येईना, आम्हाला तमिळ. आमचं आपसातलं बोलणं ऐकून तो एकदम 'मराठी, मराठी' म्हणाला आणि माडीकडे बोट दाखवलं. अरुंद जिना चढून गेलो तर एवढीशी खोली, भट्टी, चिमटे, मुशी आणि घशात जाऊन बसणारा तेजाबाचा वास. बनियनवर बसलेल्या माणसाच्या बोटांची टोकं हळद लावल्यासारखी पिवळी. तेजाब कातडीला लागलं की असं होतं म्हणे, आणि धुऊन जात नाही. आम्हाला बघून पहिला प्रश्न, "पाव्हणं, गाव कंचं?"

सांगली म्हणालो. "मूळचं सांगलीचंच का?" म्हटलं, नाही, खानापूर तालुक्यातले. मग आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर तो उठूनच उभा राहिला. "गुरुजींचं कोण लागता तुम्ही?"

आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. उभी नोकरी खानापूर-आटपाडी भागात झाली. हा गृहस्थ चौथीपर्यंत त्यांच्याच वर्गात. सायकलच्या दांडीला बांधलेली काळी छत्री त्याला आठवत होती. खाली येऊन त्यानं सोनाराला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, कडी डोळ्यांदेखत जोडून मिळाली. पैसे कुणीच घेईना.

सौ.चं म्हणणं, अण्णांनीच त्या जिन्यावर चढवलं. मुलगा म्हणतो, "बाबा, यात नवल काय?" घरापासून हजारेक किलोमीटरवर, नेमका वडिलांचा विद्यार्थी, आणि नवल नाही? मला सौ.चं पटत नाही आणि मुलाचंही पचत नाही.

हिशोबी

मुलाला माझा नमस्कार सांगा.

तुम्ही प्रश्न चुकीच्या टोकानं धरलाय. 'कुंभकोणममध्ये, त्या दिवशी, तोच माणूस भेटण्याची शक्यता किती' असं विचारलं तर उत्तर जवळपास शून्य येणारच. विचारायचं ते असं: आयुष्यभराच्या प्रवासांत, कुठल्याही गावात, अण्णांच्या कुणातरी विद्यार्थ्याशी किंवा नातेवाइकाशी गाठ पडण्याची शक्यता किती? धरून चालू, वर्गात ४० पोरं आणि नोकरी ३० वर्षं. झाले १,२०० विद्यार्थी. निम्मे मुलगे, ६००. त्या भागातला तिसरा हिस्सा गलाईत, म्हणजे सोनं आटवायच्या धंद्यात, गेला असं मानलं तरी २०० जण देशभरच्या सराफ बाजारांत बसलेत. आणि तुम्ही सोन्याचं काम घेऊन सराफ बाजारातच गेलात! कडीऐवजी चपलेचा अंगठा तुटला असता तर हा धागा निघाला नसता.

बाकीच्या प्रवासांत कोण कोण भेटलं नाही, त्याचीही यादी द्या की.

शंकासूर

हिशोबी, गुरुजी एकच वर्ग पहिली ते चौथी वर नेतात. दरवर्षी नवीन ४० पोरं आणली कुठून? आणि 'तिसरा हिस्सा' कुठल्या वहीत लिहिलाय? हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे धरत जायचे, याला हिशोब म्हणत नाहीत.

हिशोबी

घ्या, चारानं भागा. ३०० विद्यार्थी, १५० मुलगे, ५० गलाईत. ते भाऊ, मेहुणे, चुलतभाऊ बरोबर घेऊन जातात ते मी धरलेच नाहीत. अजून कमी करून पाहिजे का?

माणदेशी

त्या तिसऱ्या हिश्श्याचं मी सांगतो. आमच्या आळीत ज्या घरात कुणी गलाईला नाही असं घर शोधावं लागतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गलाई म्हणजे जुने दागिने आटवून त्यातलं चोख सोनं-चांदी वेगळं काढणं. जुन्या दागिन्यात चांदी-तांब्याची भेसळ असते. त्यात आणखी चांदी घालून मुशीत वितळवतात, टाकणखार टाकून मळ वर काढतात आणि मग ते तेजाबात सोडतात. चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं तळाला राहतं. चांदी जादा घालायची कारण सोनं फार असलं तर तेजाब आत शिरतच नाही. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातली कसर काढणारेही आमचेच.

हे सगळं पावसानं केलं. विटा, खानापूर, आटपाडी हा पर्जन्यछायेतला मुलूख. रान हाय, पाणी न्हाई. शेजारी कृष्णाकाठाला ऊस डुलतोय आणि इकडं पोरगं मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर मद्रासच्या गाडीत. टेंभू योजनेचं पाणी येईपर्यंत पिढ्या गेल्या अशा. तेव्हा विश्रामबागकर, तुम्हाला तो माणूस भेटला यात दैव असेल तर ते दुष्काळाचं. नकाशावर सराफ बाजार असलेल्या कुठल्याही गावावर बोट ठेवा, तिथं आमचा एक माणूस निघंल.

वाईची_मावशी

मला एक कळत नाही. 'हे व्हायचंच होतं' असं हिशोबी म्हणतात आणि आम्ही म्हणालो तर अंधश्रद्धा. दोघं एकच बोलतोय की! फरक एवढाच की मला त्यात अण्णा दिसतात आणि यांना भागाकार.

पन्नासातला एक भेटला असता, मान्य. पण तो कोणता भेटला? ज्याला छत्री आठवते तो. वर्गात मागं बसून पोरांना चिमटे काढणारा का नाही भेटला? गणित म्हणतं 'कुणीतरी'. माणसाला 'कुणीतरी' भेटत नसतो, अमुक एकच भेटतो. त्यालाच आमच्याकडे ऋणानुबंध म्हणतात.

आमच्याच घरचं सांगते. माझी बहीण कराडला. मी फोन लावावा तर तिचा व्यग्र, कारण ती त्याच क्षणी मला लावत असते. हे वर्षानुवर्षं. सांगा याचं गणित.

हिशोबी

मावशी, रागावू नका, पण दोघींचं जेवण-आवरणं आणि मालिका संपायची वेळ एकच असणार. चोवीस तासांतला फोन करायला मोकळा असा दोघींचा तेवढाच अर्धा तास. पहाटे चारला असं झालं तर कळवा.

एकच बोलतोय हे मात्र मान्य नाही. अमेरिकेत न्यू जर्सीत १९८५-८६ मध्ये एका बाईंना चार महिन्यांत दोनदा लॉटरी लागली. पेपरांनी छापलं, १७ लाख कोटींत एखादी अशी गोष्ट. पर्ड्यू विद्यापीठातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी प्रश्न फिरवून मांडला: अख्ख्या अमेरिकेत एवढे लोक तिकिटं घेत असताना, चार महिन्यांत कुणालातरी दोनदा लागण्याची शक्यता किती? उत्तर तिसात एक. सात वर्षांचा काळ धरला तर न होण्यापेक्षा होण्याचीच शक्यता जास्त. त्या बाईंना ते दैव वाटलं असेल तर त्यांचा दोष नाही. पण ते त्यांच्यासाठीच घडवून आणलं होतं, एवढं म्हणायला वेगळा पुरावा लागतो.

वाईची_मावशी

मालिका बघत नाही मी. हरिपाठ असतो.

हिशोबी

मग हरिपाठ संपल्यावर. मुद्दा तोच!

सातारी_फौजी

सांगलीकरांनी गलाईचं कौतुक खुशाल करावं, पण साताऱ्याचा माणूस न भेटणारं ठिकाण या देशात नाही. लेहला कँटीनच्या रांगेत मागून 'आरं सरक की' ऐकू आलं, वळून बघतो तर कोरेगावचा गडी. आमच्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात ते उगाच नाही, पिढ्यान्‌पिढ्या घरटी फौजेत माणूस. आणि मुंबईच्या बाजारात माथाडी बघायचे तर जावळी-पाटणचे. प्रत्येक तालुक्यानं आपापली वाट धरलेली आहे. त्या वाटेवर उभं राहिलं की गाववाला भेटतोच.

फक्त तुम्ही ज्याला योगायोग म्हणता त्याला आम्ही 'ओळख निघाली' म्हणतो. ओळख आपोआप निघत नाही, ती काढावी लागते. गाव, आडनाव, भावकी, मामाचं गाव, आणि तरी नाही जमलं तर 'आमच्या गावाकडचे एक डॉक्टर होते बघा तुमच्याकडे'. एवढे प्रश्न विचारल्यावर कुणाची ओळख निघणार नाही?

गणिताची_बाई

हिशोबींच्या बाजूनं थोडी भर. माणसं सहा दुव्यांत एकमेकांना जोडलेली असतात हे १९६० च्या दशकात मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ओळखीतून ओळखीत, एका ठरलेल्या माणसापर्यंत पत्रं पाठवायला लावून दाखवलं होतं. विश्रामबागकरांच्या गोष्टीत तर दुवा एकच, अण्णा.

शंकासूर

अर्धवट सांगू नका. त्या प्रयोगाच्या १९६९ मध्ये छापलेल्या अहवालात सुरुवात २९६ जणांपासून होती. बॉस्टनच्या त्या ठरलेल्या माणसापर्यंत पोचली ६४ पत्रं. पोचलेल्यांचीच सरासरी काढून 'सहा' म्हणतात. वाटेत पडलेल्या पत्रांची गोष्ट कुणी सांगत नाही.

आता विश्रामबागकरांना माझा सवाल. सायकल आणि छत्री! त्या काळच्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींकडे सायकल आणि छत्री नसेल तर काय हेलिकॉप्टर असणार? ही आठवण महाराष्ट्रातल्या कुठल्याही गुरुजींच्या पोराला सांगितली तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यानं खरंच अण्णांना ओळखलं, की तुमच्या चेहऱ्याकडे बघत बघत जुळवत नेलं?

विश्रामबागकर

शंकासूर, अण्णा डावखुरे होते. फळ्यावर लिहिताना हातानं अक्षरं पुसली जायची म्हणून मनगट उंच धरायचे. ते मी सांगायच्या आधी त्यानं हवेत हात धरून करून दाखवलं. सौ. तिथेच रडली. पुरेसं आहे?

शंकासूर

पुरेसं आहे. ओळख खरी, मागे घेतो. पण मग एवढंच राहिलं की तुमच्यात आणखी काय काय जुळलं. जन्मतारीख तर नाही ना एक निघाली?

विश्रामबागकर

हे मुद्दामच लिहिलं नव्हतं, लोक हसतील म्हणून. निघाली. १ जून.

माणदेशी

आवो आमच्या आख्ख्या आळीची १ जून हाय!

गणिताची_बाई

नवीन पिढीसाठी: पूर्वी घरात जन्माची नोंद नसायची. आई सांगायची 'पेरणी चालली होती तवाचा'. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून गुरुजी वय पुरं बसेल असं वर्ष धरून १ जून लिहून मोकळे व्हायचे. निवृत्तीच्या वयाची पिढी बघा, ३१ मे ला कार्यालयंच्या कार्यालयं रिकामी होतात.

एरवी २३ माणसं जमवली की कुठल्यातरी दोघांची जन्मतारीख एक असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते, ५० जमवली तर ९७ टक्के. पण ते जन्म वर्षभर सारखे पसरलेत असं धरून. आपल्याकडच्या दाखल्यांना ते गणित लावायला गेलं तर पार कोसळतं.

वाईची_मावशी

म्हणजे दोघांची जन्मतारीख अण्णांनीच लिहिली! बघा, मी म्हणत नव्हते?

हिशोबी

मावशी, ही तर माझी बाजू झाली. कारण सापडलं.

वाईची_मावशी

कारण अण्णाच ना?

त्रिचूरची_वहिनी

धागा माहेरच्या बहिणीनं पाठवला म्हणून लिहिते. आम्ही केरळात त्रिचूरला, यांची गलाई. माहेर तासगाव.

तुमची सगळ्यांची भांडणं वाचून करमणूक झाली. पण एक सांगू का? हे तुम्हाला आयुष्यात एकदा घडतं. आमच्याकडे सुट्टीच्या दिवसांत सारखं घडतं. गुरुवायूरला आलेली मराठी माणसं सोनं बघायला त्रिचूरच्या बाजारात येतात. कुणीतरी आमच्याकडे पाठवतं. हे गाव विचारतात. दोन-चार प्रश्नांत काहीतरी निघतंच. मग ते लोक थक्क होतात, फोटो काढतात, 'काय योगायोग' म्हणतात, आणि मी आत चहा टाकते. आमच्या बाजूनं बघितलं तर तुम्हीच नेमानं येता.

आणि 'गाव कंचं' हे नुसतं गप्पांसाठी नसतं. आमच्याकडे लोक आपलं सोनं सोडून जातात, तेही कागदाशिवाय. हाताखाली पोरगं घ्यायचं तर कुणाचं कोण हे कळल्याशिवाय घेता येत नाही. एकानं लबाडी केली तर बाजारातल्या सगळ्या मराठी दुकानांचं नाव जातं. त्यामुळे कुठल्या गावात कुणाचं घर, कुणाला कुठले गुरुजी, हे यांना तोंडपाठ. त्या कुंभकोणमच्या भावजींनी आडनावावरून गुरुजी ओळखले याचं मला काडीचं नवल वाटलं नाही.

पैसे घेतले नाहीत हे मात्र वेगळं. ते प्रत्येकाला करत नाहीत. आमचे हे तर ओळख निघाली तरी मजुरीतला रुपया सोडत नाहीत, दुकान चालवायचं असतं. गुरुजींचा मुलगा म्हणून सोडले असतील.

सातारी_फौजी

वहिनी, एक नंबर.

हिशोबी

वहिनींनी माझं सगळं म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं. एकाचा दुर्मीळ प्रसंग, तो दुसऱ्याचा नेहमीचा गिऱ्हाईक.

वाईची_मावशी

शेवटचे दोन वाक्यं सोडून वाचलंत तुम्ही.

विश्रामबागकर

त्रिचूरच्या वहिनी, सौ.ला वाचून दाखवलं. ती विचारते, तासगावात तुमचं माहेर कुठल्या आळीला? तिची मावशी गणपती मंदिराजवळ राहायची.

त्रिचूरची_वहिनी

मंदिराच्या मागच्या बाजूला. मावशींचं आडनाव काय?

शंकासूर

झालं सुरू.