हृदयाचा ठोका सुरू कुठून होतो: पेशीपटलावर की पेशीच्या आत?

वाटसरू: सायनस नोडमधली, म्हणजे हृदयाची लय ठरवणाऱ्या गाठीतली, पेशी आपणहून ठोका कसा देते, याचं उत्तर पाठ्यपुस्तकं फनी करंटपाशी, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये पेशीपटलातून आत येणाऱ्या धनभाराच्या प्रवाहापाशी, संपवतात, आणि ते योग्यच आहे. निलयाची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) स्नायुपेशी दोन ठोक्यांमध्ये सुमारे उणे ९० मिलिव्होल्टवर शांत पडून असते. नोडची पेशी मात्र उणे ६० च्या आसपास पोचली की एचसीएन वाहिन्या, म्हणजे पटलावरची या करंटची दारं, उघडून सोडियम आत झिरपू लागतो. उणे ४० जवळ कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात आणि ठोका पडतो. इव्हाब्रॅडिन हे औषध याच एचसीएन वाहिन्या अडवतं आणि नाडी मंदावते. आणखी काय पुरावा हवा?

क्षितिजा: दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. इव्हाब्रॅडिनने नाडी मंदावते, थांबत नाही. मग उरलेले ठोके कोण देतं? पेशीतल्या साठ्यातून ठोक्याच्या जरा आधीच कॅल्शियम थोडा थोडा सुटत असतो. तो बाहेर टाकणारं प्रथिन एका कॅल्शियमच्या बदल्यात तीन सोडियम आत घेतं. दोन धनभार बाहेर, तीन आत. म्हणजे दर फेरीला एक धनभार आत जास्त. हाच पेशीला ठोका पडण्याच्या उंबरठ्याकडे ढकलतो. रायनोडिन या रसायनाने साठ्याची दारं निकामी केली की ठोके मंदावतात, हे तुम्ही विचारातच घेत नाही.

वाटसरू: घेतो. पण तो साठा भरतो कशाने? पटलावरून आलेल्या कॅल्शियमनेच. शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेनिस नोबल यांच्या १९६२ च्या गणिती प्रतिमानात असा साठाच नव्हता, तरी पर्किंजे तंतूचे (निलयात विद्युतसंकेत पोचवणाऱ्या धाग्याचे) ठोके निव्वळ समीकरणांतून पडत होते.

क्षितिजा: त्या प्रतिमानात फनी करंट तरी कुठे होता? त्याचं वर्णन १९७९ मधलं!

माधवी_क: मेंदूचा हुकूम दोघंही विसरलात का?

क्षितिजा: हुकूम नव्हे, फक्त वेग कमी-जास्त करणं. प्रत्यारोपणात नसा तुटतात, तरी हृदय चालतं. नाडी मंद ठेवणाऱ्या व्हेगस नसेचा लगाम सुटल्याने उलट जरा जलदच.

वाटसरू: इथे सहमत. पण एचसीएन वाहिनी घडवणाऱ्या एचसीएन४ जनुकात दोष असलेल्या काही कुटुंबांत नाडी जन्मतः मंद असते. पटलावरची एक वाहिनी बिघडून एवढं होत असेल, तर तिला दुय्यम ठरवू नका.

क्षितिजा: दुय्यम नाही म्हणत, एकटी नाही म्हणते. ॲड्रेनॅलिनमुळे पेशीत वाढणारा सीएएमपी हा निरोप्या रेणू एचसीएन वाहिन्यांना चेतवतो आणि साठ्याचं भरणं-सुटणंही वाढवतो. मग पुस्तकातल्या आकृतीत साठा का नको?