जहाजावरच्या मोटरींची दुरुस्ती: टेंडरला दर कसा लावू?

वाइंडर_वागळे
नमस्कार मंडळी. ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरण्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. सोसायट्यांचे पंप, लिफ्टच्या मोटरी हे रोजचं काम. नौदलाच्या जहाजांवरच्या मोटरींच्या दुरुस्तीचं टेंडर भरायचं मनात आहे. मी सरळ एचपीवर दर लावणार होतो, पण वडील म्हणाले, आधी विचार कुणाला तरी. त्यांनी एकदा बार्जची मोटर बांधून दिली होती. दुकानात छान फिरली, बोटीवर तीन आठवड्यांत जळाली. कुणी हे काम केलंय का?

जुना_फिटर
वडिलांचं ऐकलंस हे बरं केलंस. माझी 31 वर्षं गोदीत मोटरी उघडण्यात गेली.

एचपीवर एकच दर लावू नकोस. खारं पाणी शिरलेली मोटर आली की आधी कोमट गोड्या पाण्याने धुवायची, पुन्हा पुन्हा, मीठ निघेपर्यंत. मग ओव्हनमध्ये नव्वदेक अंशांवर ठेवायची, मेगरचं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरचं) रीडिंग चढून स्थिर होईपर्यंत. कितीतरी मोटरी एवढ्यावर वाचतात, वार्निश दिलं की झालं. हे काम दरपत्रकात वेगळं दाखव. नाहीतर चांगली कॉइल तोडून नवी भरण्याचा मोह होतो, आणि ते मला कधीच पटलं नाही.

आता टेस्टिंग. आपली लाइन 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ. बऱ्याच युद्धनौकांवर 60 हर्ट्झ असतं, रशियन बनावटीच्या जहाजांवर 380 व्होल्ट, 50 हर्ट्झ. 440 व्होल्ट, 60 हर्ट्झची मोटर थेट आपल्या लाइनवर लावलीस तर कोअरमधला, म्हणजे लोखंडी गाभ्यातला चुंबकीय फ्लक्स 13 टक्के वाढतो, नो-लोड करंट चढतो आणि तू वाइंडिंगमध्ये नसलेली चूक शोधत बसतोस. डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) 367 व्होल्ट दे. 4 पोलची मोटर इथे मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या आसपास फिरेल, जहाजावर 1800 च्या.

वडिलांची मोटर का जळाली ते न बघता सांगता येणार नाही, पण एक गोष्ट त्यांना सांग. जहाजावर सहसा न्यूट्रल अर्थ केलेला, म्हणजे जहाजाच्या धातूच्या अंगाला (हलला) जोडलेला नसतो. एक फेज त्या अंगाला चिकटला तरी ट्रिप होत नाही, फायर पंप चालू राहतो, आणि तो राहायलाच हवा. पण तेवढा वेळ बाकीच्या दोन फेजच्या इन्सुलेशनवर 254 च्या जागी पूर्ण 440 व्होल्ट येतात. स्लॉटच्या कागदात, म्हणजे कॉइल आणि कोअरमधल्या इन्सुलेशनमध्ये काटकसर करू नका.

मीना_भोसरी
बॅलन्सिंगचा खर्चही धरा, दादा. युद्धनौकेवर मोटरची थरथर पाण्यात आवाज होऊन जाते, म्हणून तिथे कंपनाचं रीडिंग बारकाईने बघतात. आणि उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची नोंद) असेल तर अनामत रकमेतून सूट मागा.

वाइंडर_वागळे
काका, वडिलांनी दोनदा वाचून घेतलं. त्या बार्जवर अर्थचा दिवा, म्हणजे फेज अंगाला लागल्याची खूण, कायम पेटलेला असायचा, हे त्यांना आत्ता आठवलं. ते विचारतायत, जुनी कॉइल ब्लो लॅम्पने जाळून काढली तर चालेल का?

जुना_फिटर
नाही. कोअरच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि कोअर कायमचा गरम राहायला लागतो. तापमान धरणारी भट्टी हवी, 350 अंशांच्या आत. नसेल तर त्यासाठी आधी पैसे बाजूला काढ, टेंडर पुढच्या वेळी भर.