कोरीव यंत्रावर वर्तुळ चापट येते आणि खोली वाढत जाते

रंधा, इंदूर (प्रश्न):
घरगुती वापराच्या माझ्या लहान, संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या (सीएनसी) कोरीव यंत्राला तिन्ही अक्षांवर टी-८ स्क्रू (८ मिलिमीटर व्यासाचे, फिरून अक्ष सरकवणारे) आहेत आणि प्रत्येक स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर पुढे नेतो. सध्या देव्हाऱ्याच्या दारांसाठी सागवानी फळीवर कमळ कोरत आहे. त्यात मधले वर्तुळ डाव्या आणि उजव्या टोकांना किंचित चापट येते, तर वर आणि खाली गोलाई शाबूत असते. शिवाय काम जसजसे पुढे सरकते तसतशी खोली वाढत जाते, इतकी की शेवटच्या पाकळ्या पहिल्यांपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर खोल जातात. काम संपल्यावर यंत्र शून्यावर परत पाठवले की आडवी जागा बरोबर येते, परंतु कोरणारे टोक मूळ पातळीच्या खाली जाते. स्क्रूवर चालणारे नवे नट आणण्यासाठी इथल्या सियागंज बाजारात जाण्याआधी नेमके काय तपासावे?

गिरमिट:
आधी स्टेप्स प्रति मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर सरकण्यासाठी मोटरला किती पावले टाकायला सांगितले आहे, हा आकडा तपासा. एका फेऱ्यात २०० स्टेपची मोटर आणि प्रत्येक स्टेपचे १६ मायक्रोस्टेप (उपभाग) असतील, तर आपल्या स्क्रूसाठी तो ८०० असायला हवा.

पटाशी:
गिरमिट यांचा हिशेब बरोबर आहे, पण रोग तो नव्हे. तो आकडा एका अक्षावर चुकला असता तर संपूर्ण वर्तुळ लंबगोल झाले असते, केवळ दोन टोके चापट झाली नसती. आडवा अक्ष ज्या ठिकाणी दिशा बदलतो नेमक्या त्याच ठिकाणी दोष दिसतो आणि शेवटी जागा बरोबर येते, याचा अर्थ तेथे स्टेप हरवत (मोटरची पावले चुकत) नसून ढिलाई, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल (बॅकलॅश), आहे.

मात्र ढिलाई म्हणताच नट बदलण्याची घाई करू नये. मोटर चालू ठेवून, म्हणजे ती स्क्रू धरून असताना, गाडा, म्हणजे नटाला जोडलेला सरकता भाग, हाताने हलकेच पुढेमागे ढकलावा आणि स्क्रूकडे पाहावे. स्क्रू जागचा न हलता गाडाच हलत असेल तर नट झिजला आहे. परंतु गाड्याबरोबर स्क्रूही लांबीच्या दिशेने सरकत असेल तर स्क्रूच्या टोकाचे बेअरिंग सैल असते किंवा मोटर आणि स्क्रू जोडणारे पेचदार खाचांचे ॲल्युमिनियमचे कपलिंग ताणले जात असते, आणि तसे असल्यास नवा नट बसवूनही फरक पडणार नाही. डायल गेज (सूक्ष्म अंतर काट्याने दाखवणारे मापक) मिळाल्यास गाडा एका दिशेने नेऊन ०.०५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी उलट फिरवावा. काटा हलेपर्यंत जितके अंतर वाया जाते, तेवढी ढिलाई. स्क्रूवर तेल घातले असल्यास ते पुसून काढावे, कारण भुसा त्यात मिसळून घासणारा लगदा होतो. कोरडे पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण पुरते.

खोलीचा दोष स्वतंत्र आहे आणि त्याची मला तीन कारणे दिसतात: कोलेटमधून (टोक धरणाऱ्या पकडीतून) टोक खाली सरकणे, उभ्या अक्षाच्या कपलिंगमध्ये शाफ्ट निसटणे, किंवा स्पिंडल (टोक फिरवणारा भाग) वर उचलताना मोटरच्या स्टेप हरवणे. टोकाच्या दांड्यावर कोलेटच्या नटालगत मार्करने खूण करावी, कपलिंगवरून दोन्ही शाफ्टवर जाणारी एक सरळ रेघ ओढावी आणि मग तेच कमळ टाकाऊ फळीवर कोरावे. कोणती खूण सरकली ते पाहिले की पुढचा तर्क करावा लागत नाही. दोन्ही खुणा जागच्या जागी राहिल्या तर उभ्या अक्षाचा वेग आणि त्वरण कमी करावे, आणि टोकाची धारही पाहावी. सागवानात सिलिका असल्याने धार लवकर बोथट होते आणि भार वाढतो.

रंधा, इंदूर:
मनःपूर्वक आभार. टोकाची खूण जागेवरच आहे, पण कपलिंगवरची रेघ मोटरच्या बाजूला तुटलेली दिसते. मोटरचा शाफ्ट पूर्ण गोल आहे आणि कपलिंगचा ग्रब स्क्रू (शाफ्टवर टेकणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) कितीही आवळला तरी हळूहळू निसटतोच. आडव्या अक्षावर मात्र स्क्रू स्थिर असून गाडाच हलतो. शाफ्टवर कानसने सपाट जागा करावी का?

पटाशी:
करता येईल, पण मोटर सोडवून आणि शाफ्टच्या बुडाशी कागद गुंडाळूनच. लोखंडाचा कीस मोटरमध्ये गेला तर नवीच अडचण. मी क्लॅम्प प्रकारचे कपलिंग घेईन, कारण त्यात एका बिंदूवर रुतणाऱ्या स्क्रूऐवजी संपूर्ण परिघाने पकड मिळते. बहुधा आपला मोटरशाफ्ट ५ आणि स्क्रू ८ मिलिमीटरचा असेल, तरी मोजून मगच मागावे. आडव्या अक्षासाठी स्प्रिंग असलेला दुहेरी नट आणावा. तो बसवताना स्प्रिंग थोडी दाबलेली राहील एवढीच काळजी घ्यावी, पूर्ण दाबल्यास मोटर अडखळते.