स्क्रीनची जाळी स्वतः ताणावी की बाहेरून ताणून आणावी? (इंदूर, टी-शर्ट छपाई)

टीशर्टछाप_इंदूर

नमस्कार मंडळी. सांवेर रोडला टी-शर्ट आणि नॉन-वोव्हन पिशव्यांची छपाई आहे. चार रंगांचे हाताने फिरवायचे छपाईयंत्र, म्हणजे कॅरोसेल. फ्रेम अॅल्युमिनियमच्या, बाहेरून 50 × 60 सेंटिमीटर, नळी 30 × 30, जाडी 2 मिलिमीटर. जाळी बहुतेक 43 आणि 77 (सेंटिमीटरमागे धागे; बाजारात इंचामागे 110 आणि 195 म्हणतात तीच), हाफटोन (बारीक ठिपक्यांचे चित्र) आला तर 120. महिन्याला पंचवीस-तीस फ्रेम फाटून किंवा ढिल्या पडून पुन्हा ताणायला बाहेर जातात.

अडचण मजुरीची कमी आणि ताणाची जास्त आहे. एकाच कामाच्या चार फ्रेममध्ये दोन टणक, एक मध्यम, एक अगदी मऊ येते. पहिले दोन रंग बसतात. तिसरा वरच्या कडेला बसतो आणि खाली येईपर्यंत अर्धा-एक मिलिमीटर सरकलेला असतो. त्यातून काम अडले की फ्रेम परत यायला आठवडा जातो, आणि गणपतीच्या आधी मंडळांच्या टी-शर्टांची गर्दी असताना आठवडा म्हणजे फार.

कॉम्प्रेसर कारखान्यात आहेच. हवेवर चालणारे क्लॅम्प घ्यावेत, की स्क्रू फिरवून ताणायचे साधे टेबल पुरेल? की बाहेरच देत राहावे, पण नीट सांगून? हिशेब कसा मांडावा तेही कळवा.

पॅनलप्रिंट_वडोदरा

मकरपुरा जीआयडीसीत नेमप्लेट आणि कंट्रोल पॅनलवर चिकटवायचे ओव्हरले छापतो, कापडाचे काम नाही. पण जाळीचा ताण दोन्हीकडे सारखाच वागतो.

तुम्ही वर्णन केलेला दोष ताणाचाच आहे. जाळी ढिली असली की स्क्वीजी (शाई दाबत ओढायची रबरी पट्टी) तिला पुढे ओढत नेते, म्हणून जिथे तिची ओढ सुरू होते तिथे रंग बरोबर आणि जिथे संपते तिथे सरकलेला. शिवाय ढिली जाळी कपड्यावरून लगेच सुटत नाही, मग कारागीर फ्रेम उचलून जाळी आणि कपड्यामधले अंतर वाढवतो. 20 न्यूटनच्या (ताण न्यूटन प्रति सेंटिमीटरमध्ये मोजतात) स्क्रीनला दोन-तीन मिलिमीटर अंतर पुरते, 10-12 च्या स्क्रीनला पाच-सहा द्यावे लागते. जेवढे अंतर जास्त तेवढी जाळी खाली दाबताना लांबते आणि चित्रही लांबते. चार फ्रेमचे चार वेगळे ताण असतील तर चार वेगळ्या लांबीची चित्रे एकमेकांवर बसवायचा खटाटोप चालतो. तो कॅरोसेलच्या स्क्रूने सुटणार नाही.

म्हणून क्लॅम्प की टेबल हा प्रश्न दुसरा. पहिली खरेदी ताण मोजायच्या मीटरची करा. बोटाने टिचकी मारून 14 आणि 19 न्यूटनमधला फरक कुणालाच सांगता येत नाही, कितीही वर्षांचा कारागीर असो. मीटर सपाट काचेवर ठेवून आधी शून्य जुळवायचा, मग जाळीवर पाच ठिकाणी ठेवायचा: मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांपासून थोडे आत. प्रत्येक ठिकाणी दोन वाचने, एक उभ्या धाग्याच्या दिशेने आणि एक आडव्या. एका स्क्रीनवर सगळी वाचने 1 न्यूटनच्या आत हवीत. एका कामाच्या चारही स्क्रीन एकमेकींपासून 2 न्यूटनपेक्षा लांब नकोत. आकडा 22 आहे की 19, यापेक्षा चारही सारख्या असणे तुमच्या कामाला महत्त्वाचे.

मीटर हातात आला की बाहेर देणेही सुधारते. नुसते "77 चढवून द्या" असे लिहून पाठवू नका. जाळीचा नंबर धाग्याच्या जाडीसकट (मायक्रॉनमध्ये) लिहा, 77-55 किंवा 120-34 असा. नंबर तोच आणि धागा बारीक असेल तर तेवढा ताण ती जाळी पेलत नाही, शाईही वेगळी पडते. पांढरी की पिवळी तेही लिहा, कारण पिवळीला एक्स्पोजर (चित्र उमटवताना प्रकाश द्यायचा वेळ) बरेच जास्त लागते आणि अर्ध्या फ्रेम पांढऱ्या, अर्ध्या पिवळ्या आल्या तर वेळेचा सगळा अंदाज चुकतो. ताण चोवीस तासांनंतरचा लिहा, "24 तासांनी 20 ± 1". ताणल्या-ताणल्या कुणीही 24 दाखवू शकतो. पॉलिएस्टर पहिल्या दिवसात साधारण दहा ते वीस टक्के ताण सोडते, आणि घाईने ताणले असेल तर वीसच्या बाजूने. फ्रेम आल्या की दारातच मोजा, बसत नसेल ती त्याच गाडीने परत.

चौकट_आणि_कोपरे

वरचे सगळे मान्य. महिन्याला पंचवीस-तीस फ्रेम आणि आठवड्याचा खोळंबा असेल तर माझे मत स्पष्ट आहे, स्वतः ताणा. कॉम्प्रेसर आहे तर हवेचेच क्लॅम्प घ्या. 50 × 60 च्या फ्रेमला 15 सेंटिमीटर रुंदीचे बारा ते चौदा क्लॅम्प लागतील. हवा साधारण 6 बार, रेग्युलेटर आणि पाणी गाळणारा फिल्टर हवाच.

हवेचे क्लॅम्प का, ते सांगतो. 20 न्यूटन प्रति सेंटिमीटर म्हणजे 60 सेंटिमीटरच्या बाजूवर 1200 न्यूटन, जवळपास 120 किलोचा ओढा, आणि तो नळीला आत वाकवतो. हवेचा क्लॅम्प जाळी ओढताना फ्रेमच्याच कडेवर रेटा देतो, म्हणून फ्रेम चिकटवण्याआधीच वाकलेली असते आणि सोडल्यावर आणखी वाकत नाही. स्क्रूच्या टेबलात जाळी टेबलाच्या कडांना धरलेली असते आणि फ्रेम खाली मोकळी. जाळी कापली की सगळा ओढा एकदम फ्रेमवर येतो, ती वाकते आणि ताण उतरतो. तिथे दोन-तीन न्यूटन जास्त ताणून ती घट भरून काढतात, पण प्रत्येक फ्रेम सारखी वाकत नाही.

तुमची 30 × 30 ची नळी 60 सेंटिमीटरला चालते. उद्या मोठी फ्रेम घ्याल तेव्हा हीच नळी घेऊ नका. लांबी दीडपट झाली की वाक पाचपट होतो. 40 × 40, 2 मिलिमीटरची नळी 30 च्या नळीपेक्षा अडीच पट ताठ असते.

आता कृती. फ्रेम काचेवर ठेवून चारही कोपरे टेकतात का पाहा. एक कोपरा उचललेला असेल तर त्या फ्रेमवर जाळी वाया घालवू नका. आतल्या कडा कानशीने मारा, वेल्डिंगचा एखादा दाणा राहिला की जाळी आठवड्याने नेमकी तिथेच फाटते. चिकटवायची बाजू 80 नंबरच्या पॉलिश कागदाने खरवडा, थिनरने पुसा, मग बोट लावू नका. गोंदाचा पातळ हात नुसत्या फ्रेमवर आधी मारून वाळवा. हा हात टाळला की गोंद जाळीतून खाली पोचतो पण धातूला धरत नाही, आणि इमल्शन (जाळीवर चित्र उमटवायचा प्रकाशाने घट्ट होणारा थर) काढताना पाण्याच्या फवाऱ्याने कड उचलली जाते.

जाळी कात्रीने डोळ्यांच्या अंदाजावर कापू नका. छोटी चीर देऊन हाताने फाडा, म्हणजे धाग्यालाच सरळ फाटते. क्लॅम्पमध्ये धरताना धागा फ्रेमच्या कडेला समांतर हवा. तिरका गेला तर सरळ रेषेच्या कडेला करवतीचे दात दिसतात, हाफटोनमध्ये लहरी पडतात.

कोपऱ्यांशी घाई नको. तिथे दोन्ही दिशांचे क्लॅम्प एकाच जागेला ओढतात, म्हणून ताणण्याआधी कोपऱ्यातली जाळी बोटाने आत सरकवून थोडी सैल ठेवायची. जाळी कोपऱ्यातून "चर्र" करून गेली तर बहुतेक वेळा कारण हेच असते. दुसरे कारण, क्लॅम्पच्या जबड्यातला रबर झिजलेला आणि जाळी एका जागी घसरलेली.

ताण एकदम द्यायचा नाही. ठरलेल्या ताणाच्या साठ-सत्तर टक्क्यांवर आणून पाच मिनिटे थांबा. मग पूर्ण ताण, पुन्हा दहा मिनिटे. मीटर बघा, दीड-दोन न्यूटन उतरलेला असेल, तेवढा परत द्या आणि मगच गोंद. या पंधरा मिनिटांत जेवढा उतार काढून घ्याल तेवढा नंतर कमी येतो. घाईचे दुकान हाच वेळ वाचवते, तुमच्या मऊ फ्रेमचे मूळ बहुधा तिथे आहे.

गोंद ब्रशने जाळीवरून दाबून लावा, फ्रेमच्या कडेला टेकलेल्या भागात पांढरे ठिपके दिसले तर तिथे हवा आहे, पुन्हा दाबा. सुकला की बाहेरची जाळी कापा. फ्रेमवर न पुसणाऱ्या पेनाने जाळीचा नंबर, तारीख आणि ताण लिहा. इमल्शन दुसऱ्या दिवशी.

टीशर्टछाप_इंदूर

फार उपयोगी, आभार. दोन शंका. गोंद दोन भागांचा घ्यावा की झटपट धरणारा? आणि चार फ्रेम एकदम ताणल्या तर जाळीचे कापड वाचते असे ऐकले, ते हवेच्या क्लॅम्पवर जमेल का?

चौकट_आणि_कोपरे

गोंदाचा प्रश्न खरे तर वेळेचा आहे. दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद घट्ट, थिनर आणि धुलाई सोसणारा, पण तो धरेपर्यंत क्लॅम्प अडकून राहतात, गोंदानुसार वीस ते चाळीस मिनिटे. म्हणजे एका संचावर दिवसाला दहा-बारा फ्रेम, जास्त नाहीत. झटपट गोंद अॅक्टिव्हेटर फवारला की मिनिटांत धरतो, पण ठिसूळ असतो, फ्रेम आपटली की कडेने सुटतो. तुमच्या महिन्याच्या तीस फ्रेमला दहा-बाराचा वेग भरपूर आहे, दोन भागांचाच घ्या. हार्डनर वजनकाट्यावर मोजा, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच. जास्त घातला म्हणून जास्त घट्ट होत नाही.

इंदूरच्या मे महिन्यात 40 च्या वर पारा गेला की कालवलेला गोंद वाटीतच घट्ट होऊ लागतो, तेव्हा दोन-तीन फ्रेमपुरताच कालवा. पावसाळ्यात थिनरवाला गोंद दमट हवेत वाळताना पांढरट पडतो आणि तिथे पकड कमी राहते, खोली बंद करून पंखा लावा. जाळीची काळजी नको, पॉलिएस्टर पाणी जवळपास पीत नाही. लाकडी फ्रेम मात्र पाणी पितात आणि पिळतात. त्या एका रंगाच्या पिशव्यांना ठेवा, चार रंगांच्या कामात त्यांना अॅल्युमिनियमच्या बरोबरीने बसवू नका.

मीटर_गज_हिशेब

कापडाचा हिशेब मी मांडतो. क्लॅम्पसाठी चारही बाजूंना 10 सेंटिमीटर सोडले तर 50 × 60 च्या एका फ्रेमला 70 × 80 चा तुकडा लागतो. 145 सेंटिमीटर पन्ह्यात 70 चे दोन बसतात, म्हणजे 80 सेंटिमीटर लांबीत दोन फ्रेम, चार फ्रेमना 160.

चार फ्रेम दोन-दोन मांडून, मधे 2 सेंटिमीटर फट ठेवून, एकदम ताणल्या तर मांडणी 102 × 122 होते, कडा धरून 122 × 142. त्याच पन्ह्यात 142 आडवे बसते आणि लांबी लागते 122. चार फ्रेममागे 38 सेंटिमीटर वाचले, जवळपास चोवीस टक्के. पण हे फक्त टेबलावर किंवा मोठ्या संचावर जमते, तिथे फ्रेमवर बाहेरून रेटा नाही, आणि वर सांगितलेला वाकण्याचा उतार येतो. मधल्या कडांना तर रेटा मिळण्याचा प्रश्नच नाही. 43 च्या जाळीला, एक-दोन रंगांच्या कामाला ही बचत घ्या. चार रंगांना घेऊ नका.

पैशांचा हिशेब असा करा. बाहेरच्या बिलातून जाळीची किंमत वेगळी काढा, उरते ती मजुरी आणि भाडे. स्वतःच्या बाजूला गोंद, माणसाचे तास, क्लॅम्पमध्ये जाणारी कड आणि फाटणारे तुकडे धरा. नवीन माणूस हाताशी असेल तर पहिले दोन-तीन महिने दहातला एक तुकडा फाटेल असे धरून चाला. दोन्हींतला फरक गुणिले महिन्याच्या फ्रेम, आणि त्याने यंत्राच्या किमतीला भागा. नुसत्या मजुरीवर हा आकडा लांबच दिसेल, दोन-तीन वर्षेही निघतील. त्यात बाद झालेले टी-शर्ट मिळवा. रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवरची जुळणी) सरकून महिन्याला किती नग टाकावे लागतात ते रोज फळ्यावर लिहून ठेवा. टी-शर्ट कोरा असताना त्याची किंमत स्क्रीन ताणायच्या मजुरीच्या तुलनेत कुठे असते ते तुम्हाला माहीत आहे.

पॅनलप्रिंट_वडोदरा

एक भर. 43 आणि 77 लगेच घरी आणा, 120-34 काही महिने बाहेरच राहू द्या. बारीक धागा कोपऱ्यात चूक पोटात घालत नाही, आणि ती जाळी महागही आहे. हात 77 वर बसला की मग ती घ्या.

आणि बाहेरून येणाऱ्या फ्रेमच्या मधे पुठ्ठा घालायला सांगा. एका फ्रेमचा कोपरा दुसरीच्या जाळीवर टेकून गाडीत हादरत आला की टोचा पडतो, तो डोळ्याला दिसत नाही आणि पहिल्या धुलाईत जाळी तिथून फाटते. घरच्या रॅकमध्येही फ्रेम उभ्या, खाचेत. स्क्वीजीच्या रबराचे दोन्ही कोपरे पॉलिश कागदाने गोल करून घ्या, जाळी कडेच्या बाजूने फाटायचे ते नेहमीचे कारण आहे आणि त्याचा दोष विनाकारण ताणणाऱ्यावर जातो.