कार्यशाळेच्या खोलीत मोल्डर का नसतो?

उद्यमबाग, फाउंड्री पर्यवेक्षक:
डिझाइन थिंकिंगच्या (वापरणाऱ्याची अडचण आधी समजून घेऊन उपाय शोधण्याच्या पद्धतीच्या) कार्यशाळेवाचून बेळगावच्या कारखान्यांत नवे काही घडणार नाही, कारण कामगारांची मानसिकताच जुनी आहे, असे काल येथे एका प्रशिक्षकांनी लिहिले. ते वाक्य रात्रभर सलत राहिले. आमच्या कारखान्यातही अशी कार्यशाळा झाली होती आणि विषय होता पावसाळ्यात वाढणारे रिजेक्शन, म्हणजे दोषामुळे बाद होणारे ओतकाम. हॉटेलच्या सभागृहात दोन दिवस आम्ही अधिकारी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत होतो. मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे तयार करणारा कामगार, मात्र एकही बोलावलेला नव्हता. वाळूत ओलावा वाढला की ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही की ओतकामात पोकळ्या राहतात, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पण ओलावा येतो कोठून, हे एका जुन्या मोल्डरने नंतर दाखवले: पश्चिमेकडून तिरपा पाऊस थेट वाळूच्या ढिगावर येत होता. त्या बाजूला पत्रे मारा, असे तो दोन वर्षे सांगत होता. मग मानसिकता कोणाची जुनी?

प्रशिक्षक, टिळकवाडी:
वाक्य माझेच आहे. आपण एका वाईट कार्यशाळेवरून संपूर्ण पद्धत मोडीत काढत आहात. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत एमआरआय यंत्रांची रचना करणारे डग डाइट्झ स्टॅनफर्ड विद्यापीठातील अशाच कार्यशाळेला गेले, परतल्यावर त्यांनी मुलांसाठी एमआरआयची खोली समुद्री चाच्यांच्या जहाजासारखी रंगवून घेतली आणि मुलांना भूल देण्याची गरज कमी झाली. यंत्र तेच राहिले, बदलली ती पाहण्याची दृष्टी.

उद्यमबाग, फाउंड्री पर्यवेक्षक:
आपण कथेचा आरंभच गाळलात. डाइट्झ यांनी यंत्राला घाबरून रडणारी मुलगी रुग्णालयात स्वतः पाहिली होती, कार्यशाळा त्यानंतरची. शिवाय गटात बसून कल्पना अधिक सुचतात हेही खरे नाही. 1958 मध्ये येल विद्यापीठातील प्रयोगात, एकेकट्याने विचार करणाऱ्यांच्या एकत्र केलेल्या कल्पना गटापेक्षा जास्त भरल्या होत्या.

निपाणी, पतसंस्था कर्मचारी:
मूळ दुखणे भाषेचे आहे. आमच्याकडे कार्यशाळेसाठी आलेल्या तज्ज्ञांनी दोन्ही दिवस इंग्रजीतच शिकवले. वीस वर्षे दारोदार जाऊन पिग्मी गोळा करणारे आमचे सहकारी सभासदांच्या अडचणी तोंडपाठ सांगतात, पण इंग्रजीत चिठ्ठी लिहायची म्हटल्यावर ते दिवसभर गप्प बसले. आपल्या भागात मराठी माणसाला कार्यालयात, अर्जावर आणि आता शिकतानाही परक्यासारखे वागवले जाते.

वडगाव, यंत्रमागधारक:
येथे मराठीचा वाद आणू नका. माझ्या मागावरचे निम्मे विणकर घरी कन्नड बोलतात आणि त्या इंग्रजी चिठ्ठ्यांपुढे तेही तितकेच मुके होतात. मागाजवळ दोघेही एकमेकांशी मिसळलेल्या बोलीत बोलतात, आणि धागा का तुटतो हे त्याच बोलीत कळते.

निपाणी, पतसंस्था कर्मचारी:
वाद मी आणलेला नाही, तो आम्ही रोज भोगतो. मात्र कन्नड विणकरही गप्पच बसतो, हे आपले म्हणणे मला मान्य करावे लागेल.

प्रशिक्षक, टिळकवाडी:
भाषेबाबत मी निरुत्तर आहे. माझे सर्व साहित्य इंग्रजीतच आहे. मानसिकतेचे वाक्यही मागे घेतो. पण एक विचारतो: मोल्डर दोन वर्षे सांगत होता, तर आपण पर्यवेक्षक म्हणून का ऐकले नाही? वरिष्ठ आणि कामगार एका पातळीवर बसतील अशी जागा लागते, ती कार्यशाळाच देते.

उद्यमबाग, फाउंड्री पर्यवेक्षक:
हा प्रश्न मला लागला. मी ऐकले होते, परंतु पत्र्यांचा खर्च मंजूर करण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता आणि वर जाऊन भांडण्याचे धाडस मी केले नाही. म्हणून माझ्या अटी दोनच आहेत. कार्यशाळा वाळूच्या ढिगाशेजारी, मोल्डरच्या पाळीत आणि त्याच्या बोलीत व्हावी, आणि खर्चाला मंजुरी देणारे मालक शेवटपर्यंत तेथे उभे असावेत. हे मान्य असेल तर पावसाळ्यापूर्वी या, आमच्या मालकांशी मी स्वतः बोलतो.